स्वालबार्डची उन्हाळी वन्यजीव सफर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

आर्क्टिकला जायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अस्वल नक्की दिसतं का?" त्याचं उत्तर पुढे आठव्या पायरीत दिलं आहे. पण आधी सोडवायचे प्रश्न वेगळेच आहेत. कोणत्या महिन्यात जायचं? जहाजावर माणसं किती? व्हिसावर प्रवेश किती वेळा? पावसाळी पँट खरंच पाणी अडवते का? हे घरबसल्या नीट ठरलं, की तिथे गेल्यावर फक्त पाहायचं काम उरतं. तिथलं हवामान, बर्फ आणि प्राणी आपल्या हातात नाहीत, तयारी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. म्हणून या लेखात तयारीवर जास्त भर आहे.

आर्क्टिक म्हणजे खूप मोठा प्रदेश. हा लेख त्यातल्या एकाच ठिकाणाबद्दल आहे: स्वालबार्ड, म्हणजे नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध असलेला द्वीपसमूह. पहिल्या सफरीसाठी मी हेच सुचवते. ओस्लोहून तीन तासांत थेट विमान ७८ अंश उत्तरेला उतरतं, तिथे रस्ते, दवाखाना, दुकानं असलेलं लाँगइयरब्येन हे छोटं गाव आहे, आणि त्याच गावाच्या धक्क्यावरून लहान जहाजं सुटतात. इतक्या उत्तरेला इतक्या सहज पोचता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत.

१. आधी महिना ठरवा, मग बाकी सगळं

साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्टपर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. त्यामुळे उजेडाची चिंता नको. महिन्यागणिक बदलतात ते बर्फ आणि प्राणी.

मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य: डोंगर अजून पांढरे, फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये, किनाऱ्याला धरून गोठलेला समुद्र शिल्लक. त्यावर पहुडलेले सील आणि त्यांच्या शोधात फिरणारी अस्वलं दिसण्याची ही वेळ. कोल्ह्याची हिवाळी पांढरी लव अजून पूर्ण उतरलेली नसते. थंडी जास्त, आणि उत्तरेकडच्या बऱ्याच वाटा बर्फाने बंद.

जूनअखेर ते जुलैअखेर: पक्ष्यांचा हंगाम. कडे गजबजलेले, टुंड्रावर फुलं, रेनडिअरची पाडसं. बर्फ मागे हटत जातो, म्हणून जहाजं हिनलोपेनच्या सामुद्रधुनीपर्यंत आणि कधी कधी संपूर्ण स्पिट्सबर्गेन बेटाला वळसा घालून जाऊ शकतात.

ऑगस्ट: गिलेमॉटसारखे कड्यांवरचे पक्षी समुद्रात निघून गेलेले असतात, पण देवमासे पाहायला हा काळ चांगला. महिनाअखेरीला सूर्य क्षितिजाशी टेकू लागतो आणि फोटोवाल्यांना हवा तो सोनेरी उजेड तासन्‌तास मिळतो. बर्फाची कड मात्र खूप उत्तरेला सरकलेली असते.

एकच सफर परवडणार असेल तर मी जुलैचा पहिला पंधरवडा निवडेन. कारण सरळ आहे: त्या दिवसांत एखादा प्राणी हुलकावणी देऊन गेला, तरी बाकीचं इतकं काही असतं की दिवस रिकामा जात नाही.

२. जहाज निवडताना माणसं मोजा

जाहिरातीत केबिनचे आणि जेवणाच्या टेबलांचे फोटो असतात. तुम्ही विचारायचा प्रश्न एकच: जहाजावर एकूण प्रवासी किती, आणि एका वेळी किनाऱ्यावर किती उतरतात?

स्वालबार्डच्या संरक्षित भागांत १ जानेवारी २०२५ पासून दोनशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना मनाई आहे, आणि उतरायलाही ठरावीक ४३ जागाच आहेत. दोनशेच्या आत सगळी जहाजं सारखी वाटतात, पण अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बारा प्रवाशांच्या जहाजावर सगळे एकाच रबरी बोटीतून किंवा फार तर दोन बोटींतून उतरतात. गाइडला प्रत्येकाचं नाव ठाऊक असतं. एखादा सील दिसला तर कप्तान इंजिन मंद करून थांबतो, कारण मागे शंभर माणसं आपल्या पाळीची वाट बघत नसतात. पन्नासच्या आसपास प्रवासी असतील तरी ठीक. शंभराच्या पुढे गेलात, की गट पाडून आळीपाळीने उतरणं आलं आणि किनाऱ्यावरचा वेळ घटला.

लहान जहाजाचे तोटेही ऐकून ठेवा. मोठ्या लाटांत ते जास्त हलतं. केबिन अरुंद, अनेकदा वर-खाली बंक. बारा प्रवाशांच्या जहाजावर डॉक्टर बहुधा नसतो. खर्चही मोठा आहे: आठ-दहा दिवसांच्या सफरीला माणशी साधारण पाच ते दहा हजार युरो, विमानभाडं वेगळं. जागा थोड्या असल्यामुळे वर्षभर आधी ठरवावं लागतं.

बुकिंगच्या आधी आयोजकाला लेखी विचारा:

- प्रवासी किती आणि गाइड किती?
- गाइडकडे ध्रुवीय भागाचा अनुभव आणि शस्त्र वापरण्याचं प्रशिक्षण आहे का?
- आयोजक आर्क्टिकमधल्या जहाजसफरींच्या 'एको' या संघटनेचा सदस्य आहे का? ही संघटना २००३ मध्ये सुरू झाली आणि प्राण्यांजवळ कसं वागायचं याचे नियम तिने घालून दिले आहेत.
- जहाजाचा ब्रिज, म्हणजे कप्तानाची खोली, प्रवाशांना खुली असते का?
- शाकाहारी जेवण मिळेल का? जैन असाल तर ते वेगळं सांगा, "शाकाहारी" म्हटल्याने कांदा-लसूण वगळले जात नाहीत.
- बर्फामुळे मार्ग बदलला तर पैशांचं काय?

शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर "काही परत मिळत नाही" हेच असतं. मार्ग रोज बदलतो आणि तो बदलायलाच हवा. उलट जो आयोजक दिवसागणिक छापील कार्यक्रम देऊन "शंभर टक्के अस्वल" असं लिहितो, त्याच्याकडे पैसे भरू नका.

बजेट कमी असेल तर गावात हॉटेलात राहून इसफ्योर्डमध्ये एका दिवसाच्या बोटसफरी करता येतात. लांब सुळ्यांचे वॉलरस, पफिन पक्षी, बेलुगा देवमासे आणि हिमनदीचं तोंड त्यातही पाहायला मिळू शकतं. उत्तरेकडचा बर्फ तेवढा मिळत नाही.

३. व्हिसा: सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, हे खरं आहे. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तसं आहे, आणि त्या करारावर ब्रिटिश अमलाखालच्या भारताचीही सही आहे. पण तिथे जाणारं विमान नॉर्वेतून सुटतं, आणि नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहे. म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच.

आता मुख्य सापळा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे. ओस्लोहून लाँगइयरब्येनला निघालात की तुम्ही शेंगेन सोडता, आणि परत ओस्लोला उतरलात की पुन्हा प्रवेश करता. म्हणजे प्रवेश दोनदा होतो. व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर परतीच्या वाटेवर तुम्ही अडकलात. अर्जात दोन किंवा अनेक प्रवेश मागा, सोबतच्या पत्रात कारण स्पष्ट लिहा, आणि पासपोर्ट हातात आल्यावर स्टिकरवरचा प्रवेशांचा रकाना तिथेच उभं राहून वाचा. तिथे "०१" असेल तर दुरुस्तीसाठी लगेच धावपळ करा.

नॉर्वेचा अर्ज आधी ऑनलाइन भरायचा असतो, मग व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या कंपनीच्या केंद्रात वेळ घेऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा असा नियम आहे, पण त्या मुदतीवर विसंबू नका. उन्हाळ्यात केंद्रातल्या वेळा भराभर भरतात.

लागणारे कागद:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो
- ऑनलाइन अर्जाची छापील प्रत आणि शुल्क (प्रौढांना ९० युरो, शिवाय व्हीएफएसचा सेवाआकार)
- आयोजकाचं पत्र: तुमचं नाव, जहाजाचं नाव, चढण्या-उतरण्याच्या तारखा
- विमानाची बुकिंग, त्यात ओस्लो ते लाँगइयरब्येन आणि परत हा टप्पाही
- हॉटेलांची बुकिंग, जहाजाच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींसह
- प्रवास विमा, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण
- गेल्या तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं किंवा व्यवसायाचे कागद
- नोकरीतली रजा मंजूर झाल्याचं पत्र
- स्वतःचं एक पानी पत्र: कुठे, कधी, कशासाठी, आणि दोन प्रवेश का

आणखी एक. स्वालबार्डचे दिवस शेंगेनमध्ये धरले जात नाहीत. म्हणून "जातोच आहोत तर चार दिवस पॅरिस" असं ठरवलंत आणि ओस्लोत एकच रात्र ठेवलीत, तर शेंगेनमधलं तुमचं मुख्य ठिकाण फ्रान्स ठरू शकतं आणि अर्ज नॉर्वेकडे का, हा प्रश्न उभा राहतो. पहिल्या वेळी दुसरा देश जोडूच नका. ओस्लो किंवा उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला दोन दिवस राहा.

सफर भारतातल्या एजंटमार्फत घेतलीत तर बिलावर टीसीएस, म्हणजे एजंटने आगाऊ गोळा करायचा कर, लागतो. तो आयकर भरताना वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा.

४. विमा आणि तब्येत

व्हिसापुरता स्वस्त विमा काढून थांबू नका. लाँगइयरब्येनचा दवाखाना छोटा आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला न्यावं लागतं. त्यामुळे पॉलिसीत आपत्कालीन हलवण्याचा आणि समुद्रातल्या बचावाचा खर्च धरलेला आहे का, आणि स्वालबार्डला ती लागू आहे का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरच्या "हो, चालेल" ला अर्थ नाही.

आई-वडिलांना नेणार असाल तर वयापेक्षा गुडघे आणि तोल पाहा. हलत्या शिडीवरून बोटीत उतरणं, तासभर दगडगोट्यांवरून चालणं, हे जमायला हवं. निघण्याच्या आधीचे दोन महिने रोज टेकडी चढणं पुरेसं आहे.

बोट लागण्याचा त्रास बहुतेकांना पहिल्या दिवशी होतो, कारण इसफ्योर्डच्या बाहेर पडताच उघड्या समुद्राची लाट मिळते. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि ती त्रास सुरू होण्याआधी घ्या. पोट पूर्ण रिकामं ठेवू नका. केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा डेकवर क्षितिजाकडे बघत उभं राहिलं की लवकर बरं वाटतं.

५. कपडे

जुलैत दिवसाचं तापमान साधारण तीन ते सात अंश. आकडा ऐकून भीती वाटत नाही, पण उघड्या रबरी बोटीत दोन तास न हलता बसल्यावर वारा आणि शिंतोडे हाडांपर्यंत पोचतात. थंडीपेक्षा ओल वाईट, हे कायम डोक्यात ठेवून बॅग भरा.

अंगाला लागून: मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मलचे दोन जोड. सुती थर्मल, सुती मोजे आणि जीन्स घरीच ठेवा. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं.

मधला थर: फ्लीस, आणि त्यावर पातळ पिसांचं जॅकेट.

सगळ्यात वर: पाणी आणि वारा अडवणारं सैलसर जॅकेट आणि तशीच पँट. लोक जॅकेटवर हजारो रुपये घालतात आणि पँट विसरतात. बोटीत पाणी उडतं ते मांडीवर. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकची पँट न्यायची असेल, तर आधी बाथरूममध्ये ती घालून खाली बसा आणि मांडीवर पाच मिनिटं शॉवर सोडा. आतून कोरडी राहिली तरच न्या.

याशिवाय: लोकरीचे जाड मोजे, कान झाकणारी टोपी, गळ्याला बफ, गॉगल, सनस्क्रीन. हातमोज्यांचे दोन जोड हवेत, आत पातळ आणि बाहेर जाड, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबताना बोटं उघडी पडत नाहीत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बहुतेक आयोजक देतात, तुमच्या मापाचे आहेत का ते आधी विचारा. चोवीस तास उजेड असतो, म्हणून झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी न्याच.

आणि एक जोड उबदार कपडे, औषधं, दुर्बीण, कॅमेरा केबिन बॅगमध्ये ठेवा. मोठी बॅग विमान बदलताना मागे राहिली, तर जहाज तिच्यासाठी थांबत नाही.

६. दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर

प्रत्येकाला स्वतःची दुर्बीण हवी. नवरा-बायकोत एक, असं करू नका, कारण देवमासा श्वास घ्यायला काही क्षणच वर येतो. ८ बाय ४२ ची दुर्बीण हलत्या डेकवर स्थिर धरायला सोपी जाते.

कॅमेऱ्याला १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स बहुतेक प्रसंगांना पुरते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा. बोटीत कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. बाहेरून उबदार केबिनमध्ये येताना कॅमेरा बॅगमध्येच बंद राहू द्या, नाहीतर लेन्सच्या आत बाष्प धरतं. आपल्या दोन गोल पिनांच्या चार्जरला तिथल्या सॉकेटमध्ये अडचण येत नाही, तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागतो. ड्रोन घरी ठेवा, संरक्षित भागांत ते उडवता येत नाही.

७. लाँगइयरब्येनला एक दिवस आधी पोचा

अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव आहे. ओस्लोला देशांतर्गत विमान समजून बेसावध राहू नका, या विमानासाठी पासपोर्ट तपासणी होते. मुंबईहून निघताना काउंटरवर विचारून घ्या, की ओस्लोला सामान ताब्यात घ्यावं लागेल का.

गावात रोख रकमेची गरज पडत नाही, कार्ड सगळीकडे चालतं. हॉटेलांत आणि संग्रहालयात बूट दाराशी काढायची पद्धत आहे, कोळसा खाणींच्या दिवसांपासूनची. आपल्याला त्याचं नवल वाटायचं कारण नाही.

तो एक दिवस हॉटेलात घालवू नका, वन्यजीव गावातच सुरू होतात. आखूड पायांचे स्वालबार्ड रेनडिअर घरांमधून चरत फिरतात. गावाबाहेर आडव्हेंतदालेन या दरीच्या वाटेवर कुत्र्यांचे मोठे आवार आहेत, आणि जूनमध्ये त्यांच्याच आजूबाजूला आयडर बदकांची घरटी भरलेली असतात, कारण कुत्र्यांच्या भुंकण्यामुळे कोल्हे तिथे यायला कचरतात. तपकिरी मादी अंड्यांवर इतकी निश्चल बसते की वाटेच्या कडेला हातभर अंतरावर असूनही चटकन दिसत नाही. पाऊल जपून टाका.

तिथेच अस्वलाच्या चित्राची त्रिकोणी पाटी आहे. ती फोटोसाठी प्रसिद्ध असली तरी तिचा अर्थ शब्दशः घ्यायचा. तिच्या पुढे सशस्त्र गाइडशिवाय जायचं नाही.

आणि आर्क्टिक सुरय. हा पांढरा, काळ्या टोपीचा पक्षी उन्हाळा इथे काढतो आणि आपल्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाच्या समुद्रावर असतो. घरट्याजवळ गेलात तर सरळ डोक्यावर झडप घालतो. तो तुमच्या सगळ्यात उंच टोकावर चोच मारतो, म्हणून हात किंवा टोपी डोक्याच्या वर धरा आणि आल्या वाटेने मागे फिरा. तो चिडलाय याचा अर्थ अंडी तुमच्या पायाजवळ आहेत.

८. जहाजावर: पाहायचं कसं

पहिल्या संध्याकाळी सुरक्षेची माहिती देतात. मग सगळ्यांच्या बुटांची, बॅगांची, वेल्क्रोच्या पट्ट्यांची तपासणी होते, कारण त्यांत अडकलेली आपल्याकडची बी तिथल्या जमिनीवर पडता कामा नये. हे काम घरीच करून जा. ट्रेकचे बूट आणि बॅगेचे कोपरे ब्रशने घासा.

रबरी बोटीत चढता-उतरताना हात हातात द्यायचा नाही, एकमेकांचं मनगटाच्या वर धरायचं. ओला हात सुटतो, मनगट सुटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत. किनाऱ्यावर बोट लागते ती पाण्यातच, तिथून दोन-चार पावलं गुडघाभर पाण्यातून चालत जावं लागतं.

गाइड आधी एकटे उतरतात, उंचवट्यावर जाऊन चारी बाजू न्याहाळतात, आणि मगच तुम्हाला बोलावतात. अस्वल दिसलं तर उतरणं रद्द. त्यावर कुरकुर करू नका. किनाऱ्यावर गटाने राहायचं, खायचं नाही, लघवी करायची नाही, आणि काहीही उचलायचं नाही. हाड नाही, दगड नाही, गंजलेला खिळाही नाही. १९४६ च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण तिथे कायद्याने संरक्षित आहे. सतराव्या शतकात डच लोक स्मीरेनबुर्गला देवमाशांची चरबी उकळवत, तिथे त्या भट्ट्यांचे अवशेष अजून जमिनीत दिसतात.

आता अस्वल. आठवडाभराची, उत्तरेपर्यंत जाणारी सफर असेल तर दिसण्याची शक्यता चांगली असते, हमी कधीच नसते. आणि दिसतं ते दूरवर. नव्या नियमांप्रमाणे अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं. ते जवळ आलं तर मागे हटायचं ते आपण. मला हा नियम मनापासून पटतो. उपाशी अस्वल सीलच्या बिळाशी तासन्‌तास थांबलेलं असतं, आणि आपल्या एका बोटीने त्याची ती मेहनत वाया जाऊ शकते. ताडोबात एका वाघिणीभोवती जिप्सींचा गराडा पडलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना अंतराची किंमत वेगळी सांगायला नको.

शोधायचं कसं, तर पांढरं शोधू नका. बर्फाच्या पुढे अस्वल पिवळसर, सायीच्या रंगाचं दिसतं. दुर्बिणीने बर्फाची कड डावीकडून उजवीकडे सावकाश चाळा, पिवळा ठिपका दिसला की तिथेच थांबा आणि तो सरकतो का पाहा. ब्रिजवर उभ्या असलेल्या गाइडजवळ गप्प उभं राहिलात, की दोन दिवसांत डोळा तयार होतो. बारा माणसांच्या जहाजाचा खरा फायदा हा.

वॉलरस बहुधा दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर एकमेकांवर रेललेले असतात. दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. बोटींना त्यांच्या विश्रांतीच्या जागेपासून १५० मीटर दूर राहावं लागतं. किनाऱ्यावरून जायचं असेल, तर एका ओळीत, वाकून, न बोलता, गाइड थांबेल तिथे थांबत. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही यायचं नाही. एखाद्याने डोकं उचललं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. ते डोकं पुन्हा खाली गेलं की मगच पुढे. इथले वॉलरस शिकारीने जवळजवळ संपले होते, १९५२ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं आणि संख्या पुन्हा वाढते आहे. म्हणून त्या किनाऱ्यावर पाय ठेवताना थोडं ऋण जाणवतं.

आणि आल्केफ्येलेट. हिनलोपेनच्या सामुद्रधुनीतला हा काळ्या दगडी खांबांचा कडा शंभरेक मीटर उंच आहे आणि त्यावर ब्रुनिक गिलेमॉटच्या सुमारे ६०,००० जोड्या. घरटं नसतंच. उघड्या कपारीवर एकच अंडं, एका बाजूला निमुळतं. पक्षी खांद्याला खांदा लावून भिंतीकडे तोंड करून उभे. बोट कड्याखाली गेली की हाक मारून बोलावं लागतं इतका कोलाहल असतो, आणि टोपी घालायची ती थंडीसाठी आणि वरून पडणाऱ्या विष्ठेसाठीही. जुलैच्या उत्तरार्धात गेलात तर पिल्लांच्या उड्या पाहायला मिळतील. जेमतेम तीन आठवड्यांचं, उडता न येणारं पिल्लू कपारीच्या टोकाशी येतं, मागे सरतं, पुन्हा येतं. खाली पाण्यावरून बाप ओरडत असतो. मग ते आखूड पंख पसरून स्वतःला झोकून देतं. पाण्यात पडलं तर बाप लगेच त्याच्याजवळ पोचतो, आणि पुढचे काही आठवडे दोघं समुद्रातच. पाण्याऐवजी दगडांवर पडलं, तर तिथे कोल्हा फेऱ्या मारतच असतो. त्याचीही पिल्लं बिळात वाट बघत असतात. जेवढ्या वेळा ही उडी पाहिली, तेवढ्या वेळा बोटीतले सगळेच, अनोळखी माणसंसुद्धा, श्वास रोखून होते.

हिमनदीच्या तोंडाशी गेल्यावर फक्त बर्फ कोसळण्याची वाट पाहू नका. पाण्याच्या कडेने पांढऱ्या पाठींची रांग सरकताना दिसली तर त्या बेलुगा. तरंगत्या बर्फाच्या तुकड्यावर लांब मिश्यांचा दाढीवाला सील. आणि जमिनीवर उतरल्यावर मधूनमधून खाली बघा: बोटभर उंचीचं ध्रुवीय विलो, म्हणजे तिथलं झाड, आणि दगडांवर नारिंगी दगडफूल.

कार्यक्रमात नी-ऑलेसुंद हे संशोधन केंद्रांचं गाव असेल तर 'हिमाद्री' हे भारताचं संशोधन केंद्र बाहेरून पाहा. ते जुलै २००८ मध्ये सुरू झालं, आणि ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला आहे. त्या गावात मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवायचा असतो, तिथली उपकरणं रेडिओ लहरींना संवेदनशील आहेत.

९. खाणं आणि संपर्क

नॉर्वेत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणून तूप, पेढे, श्रीखंड वगळा. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाकरवडी, खाकरे चालतात, आणि जहाजावरच्या सूप-ब्रेडबरोबर चटणीचा आधार मोठा असतो.

इसफ्योर्ड सोडल्यावर मोबाइलची रेंज जाते. काही जहाजांवर उपग्रहाचं इंटरनेट असतं, काहींवर फक्त आपत्कालीन फोन. घरच्यांना हे आधीच सांगा आणि आयोजकाचा संपर्क त्यांच्याकडे लिहून ठेवा.

१०. परतताना

जहाज सकाळी धक्क्याला लागणार असलं तरी त्याच सकाळचं विमान घेऊ नका. धुकं आणि वारा यांमुळे उशीर होतो. एक रात्र मध्ये ठेवा. ओस्लोला पुन्हा शेंगेनमध्ये शिरताना व्हिसा, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद हाताशी ठेवा.

घरी आल्यावर फोटो निवडाल तेव्हा देवमाशांच्या शेपटीचे, खालची बाजू दिसणारे फोटो वेगळे काढा आणि तारीख-ठिकाणासह 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर चढवा. हम्पबॅक जातीच्या देवमाशाच्या शेपटीवरच्या खुणांवरून प्रत्येक प्राणी ओळखता येतो, आणि तुम्ही पाहिलेला देवमासा आधी कुणी, कुठे पाहिला होता ते तिथे कळतं. पक्ष्यांच्या याद्या 'ईबर्ड'वर भरा. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात लाटांपुढे धावणारा सँडरलिंग उन्हाळ्यात आर्क्टिकातच घरटं करतो, तेव्हा दोन्हीकडच्या नोंदी एकाच खात्यात असलेल्या बऱ्या.